पारोळ्याच्या अलीकडे तापलेलं चाक

माझ्या मुलीचा साखरपुडा शिंदखेड्याला होता. सामान, मुलगी आणि बरीचशी मंडळी भाड्याच्या जीपमधून सकाळीच पुढे गेली. मागे राहिलो मी आणि माझे चुलत सासरे, आबा. आम्हाला घेऊन यायचं काम वहिनीकडे होतं. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको. असोद्याला त्यांची केळीची बाग आहे. भाऊ ट्रॅक्टर उत्तम चालवतो, पण कारच्या स्टिअरिंगला हात लावत नाही. त्यामुळे घरची गाडी पहिल्यापासून वहिनीच चालवते आणि गॅरेजलाही तीच नेते. तिथे खुर्ची दिली तरी बसत नाही. चाक उघडलं की बाजूला उभी राहून विचारत राहते, हे काय, ते कशानं झिजलं.

एरंडोल सोडलं आणि वहिनी बोलायची थांबली. मला वाटलं, रहदारीकडे लक्ष असेल. तेवढ्यात पुढच्या ट्रकनं वेग कमी केला, वहिनीनं ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. फार नाही, पण माझा खांदा दाराला टेकला.

"ताई, जळका वास येतोय का तुम्हाला?"

येत होता. मला वाटत होतं, बाहेर कुणीतरी काहीतरी पेटवलं असेल.

एका बंद धाब्यापुढच्या मोकळ्या जागेत तिनं गाडी हळूहळू उभी केली. काठाची साडी खोचून खाली उतरली आणि एकेका चाकाजवळ तळहात नेऊन बघू लागली, शेगडीची धग बघतात तसा. मागची दोन्ही चाकं कोमट. पुढचं उजवंही तसंच. पुढच्या डाव्या चाकाजवळ तिनं हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"ब्रेक धरून बसलाय," ती म्हणाली. "पाय काढला तरी सुटत नाहीये."

आबांनी पाण्याची बाटली उघडली. "ओत याच्यावर. गार होईल, निघू."

"नको आबा, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते. निवू द्या."

मग तिनं स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि वाकून त्या टायरची आतली बाजू पाहिली. मलाही बोलावलं. बाहेरून टायर चांगला दिसत होता, खाचा शाबूत होत्या. आतली कड मात्र पार गुळगुळीत झाली होती आणि एका जागी रबरातून बारीक तारा डोकावत होत्या. या टायरवर आम्ही हायवेनं गप्पा मारत आलो होतो.

आबा अस्वस्थ झाले. "अगं, शुभकार्याला निघालोय. हळू चालव, पण चल. तिथे दाखवू कुणाला तरी."

वहिनीनं आवाज चढवला नाही. "आबा, तुम्ही दोघं बसनं पुढे जा. या गाडीत मी कुणाला बसवणार नाही."

बस आली, आबा कुरकुरत चढले. मी चढले नाही. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिला तिथे एकटीला सोडून मला जाववेना, एवढंच. चाक निवल्यावर तिनं जॅक लावला आणि स्टेपनी चढवली. मी नट हातात धरून उभी होते. मग पारोळ्यापर्यंत रस्त्याच्या कडेकडेनं, जवळजवळ ब्रेक न लावता, ती सायकलच्या वेगानं गेली. मला म्हणाली, "बसा, पण बेल्ट लावा."

गॅरेजवाल्यानं चाक काढलं. ब्रेक ज्या पिनेवर सरकतो ती कोरडी पडून जाम झाली होती. आतला पॅड लोखंडापर्यंत संपला होता, बाहेरचा अजून अर्धा शिल्लक होता. त्यानं पिना साफ करून ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंचे पॅड नवे घातले. "टायरचं म्हणाल, तर धुळ्याला चाकांची अलाइनमेंट करून घ्या," तो म्हणाला.

"करते. पण आधी हे चाक दोन्हीकडून धरून हलवून बघता का?"

त्यानं हलवलं. आतून खट् असा आवाज आला. तो लगेच खाली आडवा झाला आणि हसतच बाहेर आला. "स्टिअरिंगचा सांधा ढिला झालाय, वहिनी. हा तसाच ठेवून अलाइनमेंट केली असती, तर नवा टायरही आतून असाच झिजला असता."

सांधा बदलायला वेळ लागणार होता. तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला, "कोठे शेतस तुम्हीन? आठे बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात!" तिथे सगळे वाट बघत खोळंबले होते. मी कशीबशी उत्तरं दिली. मग मुलीला फोन लावला. मुहूर्त टळेल, म्हटलं, काय करू? ती म्हणाली, "मामी म्हणेल तसं कर, आई. तू आल्याशिवाय मी पाटावर बसत नाही."

वहिनी शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं, पण डोळे चाकावरून हलवले नाहीत.

काम झाल्यावर आधी ती एकटीच गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेली. लांबून मी पाहत होते. गाडी वेगात आली, ब्रेक लागला आणि ती सरळ रेषेत उभी राहिली. खिडकीतून वहिनीनं मला हात केला. एरंडोल सोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. भटजींनी दुसरी वेळ काढली होती. विहीणबाईंनी उशिराचं कारण विचारलं, तर वहिनी "ब्रेक चिकटला होता" एवढंच म्हणाली आणि हात धुवायला गेली. तिच्या नखांतलं ग्रीस काही निघालं नाही. तशाच हातांनी तिनं माझ्या मुलीला ओवाळलं. मला वाटलं, आज या पोरीला ओवाळायला याहून चांगले हात मिळाले नसते.

दुसऱ्या दिवशी परतताना धुळ्याला अलाइनमेंटसाठी थांबलो. नवा टायर बसवला. जुना टायर भिंतीला टेकवून ठेवला होता. मुलगी आमच्याच गाडीत होती. वहिनीनं तिला त्या टायरपाशी बसवलं आणि मेंदीचा हात धरून आधी बाहेरच्या खाचांवरून फिरवला, मग आतल्या कडेवरून.

"कळला फरक?"

"कळला," मुलगी म्हणाली आणि पुन्हा स्वतःच हात फिरवून पाहू लागली.