टपाचा रंग
परवा खिडकीच्या गजांना ऑइलपेंट लावताना तो उग्र वास नाकात शिरला आणि चारकोपच्या घरातली एक दुपार आठवली. लग्नानंतर मी पहिल्यांदाच माहेरी राहायला गेले होते. टेबलावर पेपर पसरून बाबा आणि नवी वहिनी जुन्या फियाटचं प्लास्टिकचं मॉडेल जोडत होते. आमची खरी फियाट दर रविवारी पुसायचो ते मी आणि बाबा. वहिनी श्वास रोखून बंपरला चंदेरी रंग देत होती. “काय हात आहे गं तुझा! जरा हलत नाही,” बाबा तिला म्हणाले. मी पुढे सरकले. “बाबा, टपाचा रंग मी देऊ?” “अगं, तू चार दिवस आलीयस, आराम कर ना,” म्हणत त्यांनी दुसरा ब्रशही वहिनीलाच दिला. मी सोफ्यावर पाहुणीसारखी बसले. आता वहिनी माझी जिवलग मैत्रीण आहे. तरी बाबांनी तिला हाक मारली की आधी मीच ओ देते.