वीस मिनिटांचा जाब

छाती धरून आलेल्या माणसाला मोठ्या बाई ‘दुखते का?’ असं कधीच विचारत नसत. कोहमाऱ्याजवळच्या आमच्या दवाखान्यात त्या इन्चार्ज सिस्टर होत्या आणि मी नुकतीच नोकरीला लागले होते. त्या म्हणायच्या, “इकडच्या माणसाले इळ्यानं बोट कापलं तर दुखते. छातीत त्याले भारी वाटते, चेपते. दुखते का म्हटलं का तो नाहीच म्हणते. हातानं दाखव म्हणाव.”

‘काही होत नाही’ हे शब्दही त्यांना वॉर्डात चालत नसत. “तुले काय माहीत?” असं तोंडावर विचारायच्या. बोलणं असं रोखठोक, पण रोग्याचा ईसीजी काढताना आवाज खाली यायचा. “भाऊ, आता छातीवर थंड वाट्या लावून राहिली. करंट नाही लागत. उठू नका. त्रास वाढला तर लगेच सांगा, लाजू नका.” हे एवढंच, पण दर वेळी.

एका दुपारी सडक अर्जुनीकडचे एक शेतकरी बायकोसोबत आले. बनियन घामानं ओलं झालेलं. मी घाईत विचारलं, “छातीत दुखते का?”

“नाही जी.”

मी तसंच लिहिलं, गॅसची गोळी दिली आणि त्यांना बाकावर बसवलं. वीस मिनिटांनी बाई जेवून आल्या आणि त्यांच्यापाशी थांबल्या. “कसं वाटून राहिलं, भाऊ? हातानं दाखवा.” त्यांनी छातीच्या मधोमध मूठ दाबली. ईसीजीत हार्ट अटॅक दिसला. डॉक्टर धावत आले, चावायला गोळ्या दिल्या, गोंदियाला न्यायला गाडी बोलावली.

ते वाचतील का, कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “वीस मिनिटं कायनं गेली, ते त्याच्या बायकोले तूच सांग.”

“बाई, तुम्ही सांगा ना.”

“मी काऊन सांगू?”

गाडीच्या दाराशी मी सांगितलं, माझं चुकलं, मी नीट विचारलं नाही. त्या माउलीनं पदरानं तोंड पुसलं. “मंग आता तू गाडीत बस,” ती म्हणाली. “त्याईच्यासंग बोलत राह्य. मले तं रडूच येते.”

मी बसले. ते वाचले. बाकावरच गेले असते, तरी बाईंनी मला त्यांच्या बायकोसमोर उभं केलंच असतं. मागच्या वर्षी बाई गेल्या, तेव्हा मी रडले ती असं उभं करणारं आता कोणी उरलं नाही म्हणून.