यमुनाबाईंचं तोंड

दोन दाढा काढूनही यमुनाबाईंच्या तोंडातले फोड कमी होईनात, तेव्हा मी तिसरीकडे बघू लागलो. दाढ चांगली होती. पण दाताच्या डॉक्टरकडे पेशंट आला की काहीतरी निघालंच पाहिजे, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

दुष्काळाची वर्षं होती. माझा दवाखाना नगरमध्ये होता. यमुनाबाई नेवासा तालुक्यातल्या एका सरपंचांच्या पत्नी. दोघं एस.टी.नं यायची. बाईंच्या ओठाच्या आत, गालाला, हिरडीला पातळ फोड यायचे, फुटायचे, आणि सोललेली लालभडक जागा मागे राहायची. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तरी डोळ्यांत पाणी. अंगानं बाई निम्म्या झाल्या होत्या.

माझं निदान पहिल्याच दिवशी तयार होतं. तोंड आलंय. भाजीपाला मिळत नाही, रेशनवरची लाल मिलो ज्वारी खावी लागते, म्हणून जीवनसत्त्व कमी पडलंय. बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली. जेन्शन व्हायोलेट, म्हणजे ते जांभळं औषध, तोंडभर लावलं. मिश्री बंद करायला सांगितली. त्या म्हणाल्या, "मी मिश्री लावतच न्हाई."

मी म्हटलं, "तरी बंद करा."

मग दाढेचं टोक गालाला घासत असावं, असा शोध लावून त्या दोन दाढा काढल्या. त्या निरोगी होत्या, हे आज मान्य करतो. त्यानंतर कान-नाक-घसावाल्यांकडे धाडलं. त्यांनी टॉन्सिल बघितले आणि घसा उत्तम असल्याचं सांगितलं. फिजिशियननं जंताचं औषध दिलं. सरपंचांनी परस्पर एका वैद्यांना दाखवलं, त्यांना अंगात उष्णता सापडली. सगळीकडून फिरून बाई पुन्हा माझ्या खुर्चीत.

आता खरं लिहितो. कोणाकडे पाठवायला हवं, याचा अंदाज मला होता. ते डॉक्टर माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसायचे. डॉ. गुजर. दुपारी चहाला खाली यायचे. मी एकदा सहज या केसचा विषय काढला, तर म्हणाले, "तोंडाच्या आतही एक प्रकारची कातडीच असते रे. महिनोन्महिने बरं होत नसेल तर वर पाठव."

मी म्हटलं, "तुम्ही खालचं सांभाळा, वरचं माझ्याकडे राहू द्या." आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसलो.

कारण त्यांच्या पाटीवर 'त्वचारोग व गुप्तरोग' असं होतं. तेव्हा हे दोन्ही विषय एकाच डॉक्टरकडे असायचे. लोक दिवेलागणीला, तोंडाला उपरणं गुंडाळून तो जिना चढायचे. खरूज झालेला एक मास्तर तर आधी माझ्या दारात दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून उभा राहायचा आणि रस्ता मोकळा दिसला की वर सटकायचा. अशा जिन्यानं सरपंचांच्या बायकोला कसं पाठवायचं? बाईंच्या अब्रूचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. सरपंच त्यांच्या भागातले पेशंट माझ्याकडे आणायचे. ते बिथरले असते तर माझ्या बाकावर माश्याच बसल्या असत्या. खरा प्रश्न हा होता.

शेवटी गुजरच खाली आले, तेही स्वतःची दाढ दुखते म्हणून. बाहेर बाकावर ते यमुनाबाईंच्या शेजारी बसले होते. मी त्यांना आत बोलावलं, तर बाईंना पुढे घालून आले. मागोमाग सरपंच. गुजरांचा गाल सुजलेला होता आणि चेहरा उतरलेला.

"या कधीपासून येतायत तुझ्याकडे?"

"झाले काही महिने."

"अंगावर कुठं फोड आहेत का, विचारलंस?"

विचारलं नव्हतं. माझी हद्द हनुवटीला संपायची. यमुनाबाईंनीच पदर जरा सरकवला. खांद्यामागे पाण्यानं भरलेले फोड होते, काही फुटलेले.

"लई दिस झालं," त्या म्हणाल्या. "पर तुमी दाताचं डाक्टर, म्हून सांगितलं न्हाई."

गुजरांनी फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा टेकवून हलकेच सरकवला. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा पापुद्रा सुटून आला. मी खिडकीबाहेर बघितलं.

रोगाचं नाव पेम्फिगस. रोगजंतूंशी लढणारी शरीरातली व्यवस्था चुकून आपल्याच कातडीवर उलटते. मग कातडीचे थर एकमेकांना धरून राहत नाहीत. बऱ्याचदा सुरुवात तोंडात होते, आणि पेशंट माझ्यासारख्याच्या हाती सापडतो. गुजरांनी कातडीचा बारीक तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवायचं ठरवलं. याला बायॉप्सी म्हणतात. रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करायच्या होत्या. अजून उशीर झाला असता तर अंगभर सोलत गेलं असतं आणि बाई हाती लागल्या नसत्या, असं त्यांनी सरपंचांना स्पष्ट सांगितलं. उपचाराला आता वर यावं लागेल, असंही.

सरपंच दाराकडे बघू लागले. मी घाईघाईनं म्हणालो, की मी आधीच सुचवणार होतो, पण घरंदाज बाईमाणसाला त्या पाटीखालून पाठवायचं म्हणजे...

यमुनाबाईंनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही. तोंड सोललेल्या माणसाला तो चढवता येत नाही.

"डाक्टर, मला भूक लागली की रडू येतं. पोरांच्या देखत रडते मी. मला इचारलं आसतं, तर भर बाजाराच्या दिशी चढले आसते."

आणि चढल्या. नवऱ्याच्या पुढे.

पुण्याचा रिपोर्ट गुजर म्हणाले तसाच आला. फोड हळूहळू आटले. स्टेरॉइडनं बाईंचा चेहरा गोल झाला, तो त्या औषधाचा दुष्परिणाम. गावाला वाटलं, तब्येत सुधारली. थोडी गोळी पुढे कायम घ्यावी लागली, पण बाई भाकरी खाऊ लागल्या, ठेच्यासकट. गुजरांनी मधल्या काळात आपली दाढ दुसरीकडे जाऊन काढून घेतली. का, ते मी विचारलं नाही.

गावानं सत्कार केला. माझा. भाषणात गुजरांचं नाव घेणं सरपंचांना अवघड होतं आणि मला ते सोयीचं होतं. शाल घेतली, नारळ घेतला, आणि सगळं श्रेय नम्रपणे पेशंटच्या धीराला दिलं. परत आल्यावर गुजरांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझा सत्कार ठेवला असता, तर लोक तोंडं झाकून आले असते."

आज गुजर नाहीत. त्या भागात अजून एखादा म्हातारा सांगतो, की नगरच्या दाताच्या डॉक्टरनं नुसतं तोंड बघून असाध्य रोग ओळखला. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. ते निदान डॉ. गुजरांचं होतं.

दुखणं बरं होत नाही, योग्य डॉक्टर सांगा, म्हणून लोक अजूनही माझ्याकडे येतात. मी आधी विचारतो, कोणाकडे जायचं टाळताय? बहुतेक जण खाली बघतात. मग नाव सांगतात.