नकाराचे पेढे

"नाय म्हणाले? झ्याक! आता लेखी घ्या." असं म्हणून काका माझ्या टेबलावर किल्लीनं टकटक करायचे. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. काही वाजवल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढे सरकतच नसे.

महाडच्या स्टँडसमोर माझी टायपिंगची खोली होती. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच, स्वतःचं सोडून जगाच्या अर्जांमागे धावणारं. आमचे काका महाडजवळच्याच नाते या गावचे. निवृत्त झाल्यावर त्यांना घरबांधणीच्या परवानग्यांचं वेड लागलं. कुणाला परवानगी सरळ मिळाली की यांचं तोंड एवढंसं. नाकारली की स्वारी खूश!

कापडे गावाकडच्या वाडीतली भागीमावशी रडत आली तेव्हाही तेच. तिला घराला एक खोली जोडायची होती. मुलाचं लग्न ठरलं होतं. खोली झाली तर तो बायकोला घेऊन गावात राहणार, नाही तर मुंबईला जाणार, तो कायमचाच. शेजाऱ्यानं हरकत घेतली, नव्या छपराच्या पागोळ्या म्हणे त्याच्या अंगणात पडतील. झालं, ग्रामपंचायत नाही म्हणाली.

"काका, नाय म्हंजे नायच म्हणतात वो!"

"मग रडतेस कशाला गो? तोंडी नायवर अपील होत नाय. कागद आण. नकार म्हंजे आपलं तिकीट, त्याच्याबिगर गाडीत कोण घेतो?"

मावशीनं हेलपाटे घालघालून लेखी नकार आणला आणि काकांनी चक्क पेढे वाटले! मी हसू दाबत अपील टाइप केलं. मुदतीच्या आत ते पंचायत समितीत गेलं. सुनावणीत दोन्ही बाजूंनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "मी जागाच बघतो."

पाहणी ऐन मे महिन्यात. पावसाचा थेंब नाही, मग पागोळ्या दिसणार कशा? काकांनी आदल्या दिवशी बांबू उभे करून, उसने पत्रे टाकून, नकाशाच्या मापाचं खोटं छप्पर केलं. बायकांनी काकांच्या नावानं खडे फोडत विहिरीवरून हंडे आणले. मीही अपील टाइप केल्याच्या हक्कानं गेले होते.

शेजारी तावातावानं छपराच्या कडेखाली येऊन उभा राहिला. "साहेब, हितं पडंल बघा!"

काकांनी किल्ली पत्र्यावर वाजवली. "जाऊ द्या!"

बायकांनी पत्र्यावर हंडे रिकामे केले. शेजारी नखशिखांत चिंब! "बघा, भिजलो का नाय?"

"भिजलात खरे," साहेब म्हणाले, "पण हद्दीच्या गडग्याच्या अलीकडे, हिच्या जागेत."

माझी हसून मुरकुंडी वळली. शेजारीही शेवटी हसला. करतो काय, अंग पुसायला पंचा मावशीनंच दिला होता.

अपील मंजूर झालं. खोली झाली, सून आली, मुलगा गावातच राहिला. काका मात्र आठवडाभर हिरमुसलेले. "संपलं गो बाय सगळं," म्हणाले. इतका गोड वेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काही वर्षांनी भागीमावशी पुन्हा आली. नातवंडांना घर पुरेना, पडवी वाढवायची होती. "काका कुठं हायत?"

मी कसंबसं म्हटलं, "मावशी, काका नाहीत आता. गेल्या महिन्यात गेले."

मग तिनं बोटानं टेबलावर टकटक केलं.

"लेखी हाय का?"

मला एकदम हसूच फुटलं, आणि डोळेही भरून आले.

"मग मी नाय मानत," म्हणाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला.