हेमकलेचा सरदार आणि आमचे हे

कापड विणायच्या लूमच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर बघितलं असेल, छताला, पंख्याला, माणसांच्या भुवयांना कापसाचा भुगा चिकटलेला असतो. मुद्दाम कुणी लावत नाही. रोज थोडा थोडा बसतो, आणि एक दिवस झाडायला घेतला की पोतं भरतं. आमच्या गावच्या नाटकमंडळाचे किस्से तसेच साचलेत. नात म्हणते, "आज्ये, तू सांग, मी लिहून घेते." मला अक्षर येत नाही, पण तोंड आहे ना!

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं. भिवंडीच्या शिवेवरचं आमचं गाव. शेती भाताची, आणि बहुतेक बाप्ये लूमवर. शुक्रवारी शहरातले लूम बंद, म्हणून नाटकाची तालीम शुक्रवारी. नाटकही जत्रेतल्या शुक्रवारी, भर दुपारी! संध्याकाळी लाईट आली की रात्रपाळी सुरू व्हायची, मग सरदार कोण आणि प्रधान कोण, सगळे ड्युटीवर.

नाटक शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेलं. जुन्या पोथ्यांमधल्या राजाराण्यांच्या गोष्टी जुळवून. त्यात सरदार वीरसेन राजकन्या हेमकलेवर जीव टाकतो. हात लावत नाही, लग्न मागत नाही, फक्त ती सांगेल ते ऐकतो. ती म्हणाली लढ, की लढतो. ती म्हणाली वाळवंटात जा, की निघाला! आम्ही बायका तालीम बघायला बसलो की एकमेकींना विचारायचो, "असलं गाव कुठं हाय गं? यष्टी जाते का तिथं?"

आणि हा वीरसेन कोण? आमचे हे!

घरात ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए", "ऐकलंस का", नाहीतर नुसतं खाकरणं. तशी तेव्हा कुणाच्याच नवऱ्याची रीत नव्हती. पण दुसऱ्यांचे नवरे दर शुक्रवारी "हेमकले, हेमकले" करत नव्हते ना! मला दागिना नको होता, लुगडं नको होतं. त्या आवाजात एकदा, एकदाच माझं नाव ऐकायचं होतं. वेडच म्हणा.

*

हे घरी तालीम करायचे ती मधल्या मेढीपुढे, घराच्या लाकडी खांबापुढे. मेढ म्हणजे हेमकला. मी पलीकडे चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या भाजत बसलेली.

एकदा ह्यांनी असा काही आवाज लावला, "तुझ्यावाचून हे राज्य मला स्मशान आहे!" मी डोळे मिटले. मनात म्हटलं, मेढीचं काय एवढं, मधून बाजूला केली तर पलीकडे मीच आहे. झालं! मी हेमकला झाले. गळ्यात मोती, मागे दासी, वर चवऱ्या ढाळतात.

तेवढ्यात आवाज आला, "ए, ऐकलंस का! धूर कसला?"

भाकरीचा कोळसा झाला होता. हेमकला भाकऱ्या भाजत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं!

*

दुसरा किस्सा काट्याचा. शेतावरून येताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा घुसला. लंगडत लंगडत आले आणि उंबऱ्यावर बसले. आत ह्यांची तालीम चाललेली.

मी म्हटलं, "अहो, काटा रुतलाय."

हे म्हणाले, "मग काढ." आणि वळले मेढीकडे, छातीवर हात ठेवून, "हेमकले! तुझ्या कोमल पायी काटा रुतला, तर… तर…"

पुढचं आठवेना. दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं, तिथेच गाडी अडलेली. मी टाचेत सुई घालून बसले होते. शेवटी मलाच राहवलं नाही.

"'तर रक्त माझ्या काळजातून येईल!' म्हणा पुढं!"

"हां!" असं म्हणून हे खुशीत पुढे निघाले. माझा काटा मीच काढला.

*

नाटकात राजकन्या आपल्या शेल्याचा काठ फाडून सरदाराच्या दंडाला बांधते, आणि तो लढाईला जातो. मला वाटलं, आपणही बांधून बघावा. फरक पडला तर पडला! जुन्या लाल लुगड्याचा काठ फाडला आणि हे दिवसपाळीला निघाले तेव्हा दंडाला बांधला.

"हे काय?"

"नजर लागत न्हाय," मी म्हटलं. खरं कसं सांगणार!

हे गेले शेडमध्ये. दंडाला लाल पट्टी! शेजारच्या कामगाराने बघितली आणि लूम बंद केला. त्याचं बघून पुढच्याने बंद केला. एवढी खडखड करणारी शेड, बघता बघता गप्प! सगळ्यांना वाटलं, संपाची पट्टी आली, आपल्याला सांगायचं राहिलं. शेठ धोतर सावरत धावत आला.

"क्या हुआ? क्या मांगता है तुम लोग?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांना घाम फुटला. "शेठ, मांगता कुछ नहीं. ये तो घरवाली ने बांधा है."

शेठने कपाळाला हात लावला. "अरे, तो पहले घरवाली से समझौता करके आ!"

संध्याकाळी हे घरी आले, पट्टी सोडून माझ्या हातात दिली आणि सरळ जेवायला बसले.

*

आता सासूबाई. तालमीला त्या एकदाच आल्या आणि नेमका तोच प्रवेश लागला, सरदार राजकन्येपुढे गुडघे टेकतो तो. सासूबाई ताडकन उठल्या.

"गुरुजी! माझा पोरगा बाईपुढं गुडघे टेकणार न्हाय!"

गुरुजी गरीब माणूस. म्हणाले, "आजी, ती बाई नाही. तो आपला हरी आहे."

"मग तर मुळीच न्हाय!"

हरी म्हणजे आमची हेमकला. लूमवरच कामाला. शेवटी गुरुजींनी तोड काढली. नाटकाला सासूबाईंना खुर्ची टाकायची ती अगदी पुढे, मधोमध. सरदार गुडघे टेकणार तो त्यांच्याकडे तोंड करून. हेमकला मागे उभी! प्रेक्षकांना वाटायचं, हा सरदार एवढं गोड गोड कुणाला सांगतोय? सासूबाई मात्र खुर्चीत बसून माना डोलवायच्या आणि त्याने गुडघे टेकले की हात वर करून आशीर्वाद द्यायच्या.

*

ह्या हरीला मिशी होती. लुगडं नेसवायचं काम माझं. मी त्याला नेसवलं, चालायला शिकवलं, पदर कसा घ्यायचा ते दाखवलं. पण मिशी काढायला तो तयार होईना.

"वहिनी, काय बोलतेस! बाप जिवंत हाय माझा!"

खरंच होतं त्याचं. आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात. जिवंतपणी काढली तर गाव काय म्हणेल? मग गुरुजींनी नाटकातच घातलं, की राजकन्येचं व्रत आहे, ती कुणा पुरुषाला तोंड दाखवत नाही. मी घुंगट पिना लावून पक्का केला.

जत्रेचा दिवस. भर दुपार. नाटक रंगलेलं. आणि खाडीकडून वारा सुटला! घुंगट गेला उडून, आणि हेमकला उभी, ही एवढी मिशी घेऊन. हरीने मला शोधायला मान वळवली, तर मिशी आणखीच दिसली.

तेवढ्यात मागच्या रांगेत हरीचा बाप उठला. टोपी नीट केली, चारी बाजूंना बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "बघून घ्या सगळ्यांनी! मी हाय!"

*

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच नाटक. ह्या वेळी घुंगट मी दोऱ्याने शिवूनच टाकला आणि पडद्याआड सुई घेऊन बसले.

शेवटचा प्रवेश. सरदार वीरसेन लढाईत जखमी होऊन पडलाय. राजकन्या लांब उभी. मरायच्या आधी तो तिला एक हाक मारतो, बस्स, मग पडदा. बायकांनी पदर डोळ्यांना लावून तयारच ठेवले होते.

हे पडले. हात वर केला. आणि थांबले.

गुरुजी पलीकडून हळू आवाजात, "हेमकले! हेमकले म्हणा!"

ह्यांचा हात तसाच वर. गुरुजी जरा मोठ्याने, "हेमकले!" पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं. ह्यांना ऐकू गेलं नसेल असं म्हणता येत नाही.

मग ह्यांनी मान वळवली, पडद्याकडे, आणि त्याच आवाजात हाक मारली, "यमुने!"

हरी घुंगटाआड तसाच उभा. गुरुजींनी घाईघाईने पडदा ओढला. टाळ्या पडल्या, पण मध्येच कुजबुज सुरू झाली. ही यमुना कोण? कुठली? गावात तर यमुना नावाची कुणीच नव्हती.

यमुना हे माझं माहेरचं नाव. लग्नात सासूबाईंनी बदललं आणि मी सगळ्यांची लक्ष्मी झाले. बदलणाऱ्या त्याच, पण त्याही विसरून गेल्या होत्या.

हे तोंडाचा रंग पुसून सरळ रात्रपाळीला निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लूमच्या कांड्यांवर सूत भरत बसले होते. सासूबाई आल्या, शेजारी टेकल्या, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "लक्ष्मे, तुला वाईट वाटंल, पण विचारते. ती यमुना कोण गं? काही कळलं का तुला?"

मी कांडीवरचा दोरा तोडला.

"न्हाय आत्याबाई," मी म्हटलं. "पण असंल कुणीतरी नशिबाची!"