मालिनाचं नाव टोनरवाल्याकडे गेलं

आमच्या लोम गावात माणूस मेला की त्याला आधी देव भेटत नाही, वेलिच्का भेटते. घरचं कोणीतरी रडत तिच्या दुकानात जातं, ती काळ्या चौकटीतलं पत्रक टाइप करते, आणि तासाभरात मेलेल्याचा फोटो घराच्या दारावर, बसथांब्यावर, पोस्टाजवळच्या खांबावर. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. जिवंतपणी ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं, तेसुद्धा वर्षभर खांबावरून गावाकडे बघत असतात.

माझं पुष्पचक्रांचं दुकान तिच्या भिंतीला लागून, त्यामुळे बत्तीस वर्षं ही बाई मला पाठ आहे. टाइप करताना ती पडद्याकडे बघतच नाही, समोर रडणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघते. "त्याचा बाप गेलाय, आणि मी काय यंत्राचं तोंड बघत बसू? मी तिकिटं विकते का?" असं तिचं म्हणणं. छापायच्या आधी वाचूनही बघत नाही. "वाचून बघावं चुकणाऱ्यांनी!" भलतीच आढ्यताखोर. पण मेली खरंच कधी चुकायची नाही, म्हणून मला गप्प बसावं लागायचं.

दोन वर्षांपूर्वी तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि घरात आगाऊ जावई आल्यासारखं झालं. ही टाइप करतेय, आणि मध्येच एखादी खिडकी टपकन पुढे. अपडेट करू का? शाई संपत आलीय! अमक्याचा निरोप आलाय! बरं, नुसती पुढे येऊन गप्प बसेल तर शपथ. आपण टाइप केलेली अक्षरंही तीच गिळून टाकायची. वेलिच्का चार शिव्या हासडायची, खिडकी बंद करायची आणि पुढच्या कामाला लागायची.

परवा आस्पारूह गेला, डॅन्यूब नदीतला गाळ काढणाऱ्या बोटीवरचा. पत्रक सांगायला त्याचा मुलगा गेंचो आला होता. त्याची बहीण मालिना वीस वर्षांपूर्वी बापाशी भांडून निघून गेलेली. गेल्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला तेव्हा परत आली आणि त्याचं सगळं तिनेच केलं. गेंचो रडत रडत सांगत होता, वेलिच्का त्याच्याकडे बघत टाइप करत होती. शेवटची ओळ संपवून तिने एंटर दाबलं, मान वळवली तर समोर निरोपांची खिडकी. "मर मेल्या!" म्हणत तिने ती बंद केली आणि माउसने पत्रक छापायला सोडलं. गेंचोने तीस प्रती उचलल्या, चष्माही नव्हता बिचाऱ्याकडे, आणि गावभर चिकटवून आला.

मालिनाने दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टाजवळ ते वाचलं. खाली शोकाकुल म्हणून बायकोचं नाव, मुलाचं नाव, सुनेचं, नातवंडांचं. तिचं नाही. बापाने मरतानाही हिला घरच्यांत धरलं नाही, असं कोणीतरी मागे कुजबुजलं. गेंचो शेजारीच उभा होता. मालिनाने सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि तडक वेलिच्काच्या दुकानात आली. तमाशा बघायला मीही गेले, खोटं कशाला बोलू?

"मावशी, खरं सांगा. त्याने माझं नाव सांगितलंच नव्हतं ना?"

"सांगितलं होतं गं. मी टाइप केलं."

"मग गेलं कुठे? पत्रकाने खाल्लं? त्याला पाठीशी घालू नका."

मी वेलिच्काला कोपराने ढोसलं. "नव्हतं सांगितलं म्हण की. तो काही तक्रार करायला येत नाही, आणि तुझं नाव राहतं," असं हळूच म्हटलं. मी म्हटलं खरं, आज लाज वाटते.

तेवढ्यात पडद्यावर पुन्हा ती निरोपांची खिडकी उघडली. प्रिंटरची शाई पुरवणारा टोनरवाला त्सान्को विचारत होता, "वेलिच्काबाई, कालपासून विचार करतोय. ही मालिना कोण? आणि टोनर किती पाठवू?" त्याच्या वर, वेलिच्काच्या नावाने गेलेली एक ओळ होती. पडदा आमच्याकडे होता, मालिनाला त्यातलं काही दिसत नव्हतं. एक बटण दाबलं असतं की मिटलं असतं. वेलिच्काने दोन्ही हातांनी पडदा उचलला आणि मालिनाकडे फिरवला.

"वाच. हे काल तुझ्या भावाने सांगितलं, आणि मी गाढवीने टोनरवाल्याला पाठवलं."

मालिनाने वाचलं. "आणि लेक मालिना, जिने शेवटचं वर्षभर त्यांना एक दिवस एकटं पडू दिलं नाही." ती खुर्चीत बसलीच.

अंत्यविधी दुपारी होता. वेलिच्काने फोन करून कॉम्प्युटरवाल्या क्रुमला अर्ध्या दाढीनिशी बोलावून घेतलं. "आधी ह्या उपटसुंभांना आवर. तोवर मी एक अक्षर टाइप करणार नाही."

"सेटिंग असतं की बाई," क्रुम म्हणाला. "आपण लिहितोय त्या खिडकीपुढे कोणी यायचं नाही, खाली पट्टीत लुकलुकत बसायचं. सौम्य, मध्यम, कडक, अतिकडक. मध्यम ठेवू?"

"अतिकडक."

"मग तुम्ही स्वतः उघडलेलीही एखादी मागेच राहील."

"राहू दे! मी हाक मारीन तेव्हाच यायचं."

मग मालिना सांगू लागली आणि वेलिच्का तिच्या तोंडाकडे बघत टाइप करू लागली. आईचं नाव, गेंचोचं, वहिनीचं, मुलांचं. शेवटी ती म्हणाली, "आणि मुलगी मालिना. बस, एवढंच."

"तुझ्या भावाने सांगितलेलं मी गाळणार नाही," वेलिच्का म्हणाली आणि ती ओळ अख्खी टाइप केली. खाली पट्टीत त्सान्को लुकलुकत राहिला. मग बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने चष्मा लावून पत्रक वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचलं.

मालिना डोळे पुसत म्हणाली, "गेंचोच्या नावापुढेही काहीतरी घाला ना."

"काय घालू?"

"ज्याला बहिणीने भर रस्त्यात मारलं, आणि त्याची काही चूक नव्हती."

"असं छापत नाहीत गं."

"मग मीच जाऊन सांगते त्याला," म्हणाली आणि निघाली. नव्याने छापलेली तीसच्या तीस पत्रकं टेबलावरच राहिली. वेलिच्काने ती उचलली, दुकानाला कुलूप लावलं, खळीचा डबा माझ्या हातात दिला, आणि आम्ही दोघी खांब शोधत निघालो.