बातम्या देणारी नात

ये गं, बस अशी जवळ. पत्राच्या कागदावरच बसायचंय, तिथे तरी लांब कशाला? आणि आधी बोलणी खा. मुलाला मराठी यावं म्हणून तू शिकवणी लावलीस म्हणे! बाई कॉम्प्युटरवर येते, मुलगा तिच्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसतो, आणि तू शेजारच्या खोलीत त्याच्या बापाशी इंग्रजीत बोलतेस. धन्य आहे तुझी! भाची आहेस म्हणून सांगते. आम्ही कतारला दोह्यात होतो, तेव्हा असाच एक वर्ग माझ्या हॉलमध्ये भरायचा. फक्त तो अरबीचा होता, आणि शिकणारी मुलं अरबांचीच होती.

हसू नकोस. ऐंशी साल नुकतं लागलेलं. दोह्याच्या अल सद्द भागात आमच्या खालच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी कुटुंब राहायला आलं. नवरा इंजिनिअर, बायको माझ्याच वयाची, आणि एक मुलगी. त्यांचं गाव कधीच सुटलेलं. मग बैरूत, तिथे लढाई पेटली तशी लंडन, आणि तिथून दोहा. इतक्या ठिकाणी सामान हलवलं, त्यात मुलीची अरबी कुठल्या खोक्यात राहिली कोण जाणे. लंडनमध्ये शाळेत मागे पडू नये म्हणून आई तिच्याशी इंग्रजीतच बोलायची. मागे पडली नाही हो पोर. इंग्रजी अशी फाडफाड, की आमच्या ह्यांना तिच्यासमोर तोंड उघडायला भीती वाटायची.

आता अरबांच्या देशात आलो, अरबी आपोआप येईल, असं त्या माउलीला वाटलं. वाटेना का! किराणावाला मल्याळी, टॅक्सीवाला पठाण, शाळा इंग्रजी, आणि वरच्या मजल्यावर आम्ही. थोड्याच दिवसांत पोरगी छान हिंदी बोलायला लागली. अरबी म्हणशील तर 'यल्ला', म्हणजे चल, आणि 'खलास'. तेवढी तर मलाही येत होती, मासळीवाल्याच्या कृपेनं.

त्यात बैरूतहून निरोप आला, की आजी येते आहे. आईची आई, एकटी राहणारी. तिनं साफ कळवलं होतं, येऊन बघते, पोरीत जीव रमला तर राहते, नाही तर परत जाते. परत कुठे, तर जिथे रोज गोळ्या चालत होत्या तिथे. शेजारीण माझ्याकडे येऊन रडली. "उख्ती, माझी आई दुसरी भाषा बोलत नाही आणि माझी मुलगी तिची भाषा बोलत नाही. ती राहील कशी?" उख्ती म्हणजे बहीण, मला ती तशीच हाक मारायची.

मी म्हटलं, "अगं, मग तू बोल ना घरात मुलीशी. त्यात काय एवढं?"

"मी?" ती दचकलीच. "माझी बोली म्हणजे आमच्या शेतातली. लोक हसतात. शिकायची तर चांगली शिकू दे, शुद्ध."

आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. "बरोबर आहे. पाया शुद्ध हवा." पुण्याचे ना!

मग काय, शुद्ध अरबीचे मास्तर आले. भर उन्हाळ्यात टाय लावून. दर शुक्रवारी वर्ग माझ्या हॉलमध्ये, कारण आमचा ए.सी. चालत होता आणि त्यांचा नुसता गुरगुरत होता. आसपासची तशीच आणखी तीन-चार निर्वासित पोरं आली. मास्तरांचा नियम एकच, घरातला एकही शब्द इथे चालणार नाही. पोरं उभी राहून, हात मागे बांधून, रेडिओवर बातम्या द्याव्यात तशी बोलायची. आया कौतुकानं डोळे पुसायच्या आणि मी सगळ्यांना चकल्या वाटायची. मला वाटायचं, वा, काय प्रगती!

आजी आली. मी शिरा घेऊन खाली गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. काळा झगा, पांढरी ओढणी, एवढीशी म्हातारी खुर्चीत बसलेली. नात पुढे झाली, हात मागे बांधले आणि घडाघडा भाषण म्हणाली. आदरणीय बाई, आपलं स्वागत असो, आपला प्रवास सुखाचा झाला असेल अशी आम्ही आशा करतो, वगैरे.

म्हातारी ताडकन उठून उभी राहिली. झग्यात आत हात घालून तिनं कापडात गुंडाळलेली ओळखपत्रं काढली, पोरीपुढे धरली आणि खाली बघत आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सांगितलं.

मला शेजारणीनं नंतर समजावलं, की तिच्या आईशी असली अरबी आजवर कचेरीतले साहेबच बोललेले. ते बोलायला लागले की कागद काढायचे, हीच तिला सवय.

पोरगी जी न्हाणीघरात जाऊन बसली, ती बाहेर येईना. पुढचे काही दिवस आजीसमोर तिनं तोंड उघडलं नाही. आणि आजी लेकीला म्हणाली, "पोर गुणाची आहे, पण सरकारची वाटते. माझं तिकीट बघ."

शुक्रवार आला तसा मी मास्तरांना निरोप धाडला, ए.सी. बिघडलाय. ए.सी. ठणठणीत होता. मग आजी, आई आणि नात, तिघींना वर बोलावून खाली सतरंजीवर बसवलं. आजीनं टोपलीभर कूसा आणले होते, आपल्या काकडीएवढे कोवळे भोपळे. ते आतून कोरायचे आणि भात भरून शिजवायचे. आपली भरली वांगीच म्हण, पण जास्त कटकटीची.

नातीनं कोरणी घातली ती थेट आरपार. तशी आई सगळी शुद्धता विसरली आणि शेतातल्या बोलीत कडाडली. आजीनं मान वर केली. "अजून येतं होय तुला आपलं बोलणं? मला वाटलं, विकून खाल्लंस." मग नातीकडे वळून तिनंही सुरू केलं. हात आहेत की खुरपी, कोणी शिकवलं, भाजीचा सत्यानाश केला.

आणि पोरीनं कोरणी आपटली. "मग तूच कर! मी तुझी मोलकरीण आहे का?" थेट गावच्या बोलीत, आईच्याच ठसक्यात.

कुठून आलं म्हणून विचारतेस? अगं, तिचे आईबाप मुलीशी इंग्रजी बोलायचे, पण भांडायचे गावच्या बोलीतच. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पोरीची भांडणापुरती अरबी अगदी पक्की झाली होती!

आई लाजेनं लाल. आजी मात्र ओढणीत तोंड लपवून हसत सुटली. "पुन्हा म्हण," म्हणाली. पोरगी पुन्हा म्हणाली, आणखी दोन शब्द वाढवून. "हं, आता कळलं कुणाची आहेस ते." म्हातारीनं तिला ओढून मांडीशी बसवलं आणि कोरणी कशी धरायची ते दाखवलं. तिकिटाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मास्तरांची आम्ही 'शुक्रन', म्हणजे आभारी आहोत, म्हणून बोळवण केली. ह्यांना फार वाईट वाटलं, पाया राहिला ना बिचाऱ्यांचा!

तेव्हा तू त्या कॉम्प्युटरवरच्या बाईला सुट्टी दे. नवऱ्याशी निदान मराठीत भांड, आणि जरा मोठ्यानं. आणि पोराला घेऊन लवकर ये इकडे, दिवाळीची वाट बघू नकोस. मी त्याला मेथी निवडायला बसवते, पुढचं तो आणि मी बघून घेऊ. माझ्यावर खेकसला तरी चालेल, पण ये बाई.